सादळलेली माणसं

जतच्या पूर्वेला लांबवर पसरलेल्या माळावर ती इमारत उभी राहिली तेव्हा तिचं नाव ‘शुष्कनिद्रा केंद्र’ असं ठेवलं होतं. आसपासच्या गावांत ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोक तिला वाळवणघर म्हणायचे. गच्चीवर पापड-कुरडया घालतात तशी तिथं माणसं वाळत घातलीत, असं आधी चेष्टेनं म्हणायचे आणि मग नुसतंच सवयीनं.

केतकी सरगरचा नवरा तिथं होता.

हर्षद पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचा. उंच खांबावर सरसर चढून जाणारा, हाताला घट्ट पकड असलेला माणूस. चाळिशीसुद्धा आली नव्हती तेव्हा त्याच्या हातातून पाना निसटायला लागला. मग चहाचा कप. मग शर्टाचं बटण लागेना. तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात, असा तो आजार. औषध नव्हतं. औषधावर जगभर काम चालू होतं, पण ते हाती यायला किती काळ लागेल हे कुणी सांगेना, आणि हर्षदकडे तेवढा काळ नव्हता.

थांबायची एकच सोय होती. वाळून थांबायचं.

सह्याद्रीच्या कातळावर एक बुटकं गवत उगवतं. उन्हाळ्यात त्याची काडी होते, बोटांत चुरडली तर पीठ व्हावं अशी. पाऊस लागला की काही तासांत तीच काडी हिरवी होते. त्याच्या पेशींतून पाणी जाताना त्या जागी एक साखर येऊन बसते, काचेसारखी थिजते आणि आतलं सगळं जिथल्या तिथं धरून ठेवते. माणसाच्या शरीरात अशी साखर पोचवण्याची युक्ती सापडली होती. खरी अडचण पुढची होती. वाळवायचं कसं?

केंद्राच्या प्रमुख डॉ. नसरीन बागवान नातेवाइकांना हे समजावताना टेबलावरची एक साधी भाजकी वीट हातात घ्यायच्या.

“हिच्यात छिद्रंच छिद्रं आहेत. काही मोठी, काही केसाहून बारीक. भिजलेली वीट वाळताना आधी मोठी छिद्रं रिकामी होतात. बारीक छिद्रांची ओढ जास्त असते ना. ती मोठ्यांतलं पाणी खेचून घेतात आणि वरचा थर ओला ठेवतात. मग एक वेळ अशी येते की आतून वरपर्यंत येणारी पाण्याची वाटच तुटते. तिथून पुढं पाणी आतल्या आत वाफ होऊन बाहेर पडतं, फार सावकाश. इथं घाई केली की तडा जातो. कच्चं मडकं भर उन्हात ठेवलं तर तडकतं, तसं. माणूसही छिद्रांचाच बनलाय. म्हणून आम्ही घाई करत नाही.”

हर्षद वाळायला अख्खा हिवाळा लागला. शेवटी केतकीनं त्याला पाहिलं तेव्हा त्याचा रंग चिंचोक्यासारखा झाला होता. चेहरा त्याचाच होता, फक्त कुणीतरी तो आतून ओढून धरल्यासारखा. ती एकटी त्याला दोन्ही हातांवर उचलू शकली असती इतका तो हलका होता. काचेचं झाकण असलेल्या पेटीत त्याला ठेवलं. बाहेरचीच हवा गाळून पेट्यांमध्ये सोडायची, एवढी साधी व्यवस्था होती. या माळावरची हवा वर्षभर इतकी कोरडी की दुसऱ्या यंत्राची गरज नव्हती. म्हणून तर जागा निवडली होती.

त्यांची मुलगी ओवी तेव्हा बालवाडीत होती.

केतकी सांगलीला दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. महिन्यातून एकदा ती माळावर यायची, पेटीजवळ स्टुलावर बसायची आणि बोलायची. ओवीचा पडलेला दात, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, वर्षानुवर्षं गळणारी टाकी. सुरुवातीला तिला रडू यायचं. पुढं ते थांबलं. वर्षं जात राहिली, औषध काही येईना, आणि एक दिवस तिच्या बोलण्यात शिरीष लोखंडेंचं नाव यायला लागलं. शिरीष गुरांचे डॉक्टर. बायको वारलेली. कामानिमित्त प्रयोगशाळेत यायचे. हळूहळू कामाशिवायही यायला लागले.

एकदा ते तिला गाडीतून घेऊन आले आणि आतही आले. पेटीकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “राग मानू नकोस केतकी, पण तू अजून इथं का येतेस?”

“सवयीनं,” ती म्हणाली. “खरं सांगू? कधीकधी वाटतं, तो उठूच नये. उठला तर मी काय करू?”

तिनं आवाज बारीक केला नव्हता. करायचं कारणच नव्हतं.

त्याआधी दोनेक वर्षं माळावर कालव्याचं पाणी आलं होतं. पिढ्यान् पिढ्या ज्याची वाट पाहिली ते पाणी. लोक गुलाल उधळत कालव्यात उतरले. पहिल्या वर्षी ज्वारी गेली आणि ऊस आला, मग द्राक्षं आली, शेततळी आली. माळ वाळवणघराच्या कुंपणापर्यंत हिरवा झाला. सकाळी उसाच्या पात्यांवर दंव दिसायला लागलं. सगळ्यांना त्याचं कौतुक होतं, केतकीलासुद्धा.

श्रावणात नसरीन बागवानांचा फोन आला. “केतकीताई, तुम्हाला प्रत्यक्ष यावं लागेल. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

ती गेली. नसरीननी दार लावून घेतलं आणि टेबलावरचा छोटा स्पीकर चालू केला. काही वेळ नुसती खरखर. मग आवाज आला. टक्. बराच वेळ काही नाही. पुन्हा, टक्.

“छिद्रात पाणी शिरतं किंवा निघतं तेव्हा असा आवाज होतो,” नसरीन म्हणाल्या. “इतका बारीक की कानाला कळत नाही. आम्ही पेट्यांना संवेदक लावलेत, वाळलेल्या शरीराला कुठं तडा जातोय का ते कळावं म्हणून. हा हर्षदच्या पेटीतला आवाज आहे. बाकीच्या पेट्या अजून तपासतोय.”

“तडा गेलाय?”

“नाही. तो सादळतोय.”

केतकीला पटकन समजलं नाही.

“पापड सादळतो ना, तसं. पापडावर कुणी पाणी ओतत नाही, तरी तो मऊ पडतो. हवा पुरती दमट नसली तरी अगदी अरुंद छिद्रांमध्ये वाफेचं पाणी होतं. छिद्र जितकं अरुंद तितकं आधी. वाळताना जी जागा सर्वांत शेवटी वाळते, तीच ओल येताना सर्वांत आधी भिजते.” नसरीन थांबल्या. “माणसाच्या शरीरात सर्वांत बारीक जागा मेंदूत आहेत. नसांमध्ये. आणि कानाच्या आतला भाग ज्या हाडात बसलाय, ते शरीरातलं सर्वांत कठीण हाड. त्याची छिद्रंही तशीच बारीक.”

स्पीकरमधून पुन्हा आवाज आला.

“तो जागा आहे?” केतकीनं विचारलं.

“जागा म्हणजे आपण म्हणतो तसा नाही. हात नाही, डोळे नाहीत, श्वास नाही. बाकी सगळं कोरडं ठाक आहे. पण ऐकू येतं. आम्ही खात्री करून घेतली. पेटीसमोर नुसती घंटा वाजवली तर दुपारपर्यंत टकटक वाढते. त्याचं सगळं फार सावकाश चालतं. आपली एक दुपार म्हणजे त्याचा एखादा विचार.”

“कधीपासून?”

“कालवा आल्यापासून धरा. आम्हाला पहिल्यांदा वाटलं, संवेदकच बिघडलेत. म्हणून कळायला इतका उशीर झाला. चूक आमची आहे.”

केतकीनं पाणी मागितलं. पेला समोर आला. कालवा आल्यापासूनच्या सगळ्या भेटी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. काय काय बोलली होती ती त्या स्टुलावर बसून.

नसरीननी तीन वाटा सांगितल्या. पुन्हा पूर्ण वाळवायचं आणि पेटी कायमची हवाबंद करायची; पण पाण्याबरोबर वाहत आलेले क्षार छिद्रांच्या तोंडाशी थिजतात, दुसऱ्या वेळेला त्यांचा दाब पडून काहीजण आतून फुटतील. किंवा पाणी देऊन उठवायचं. मग तो असेल, आणि त्याचा आजारही असेल. किंवा आहे तसं ठेवायचं.

“आहे तसं?” केतकी म्हणाली. “अंधारात, नुसतं ऐकत?”

“निर्णय जोडीदाराचा, असं करारात आहे. पण मला वाटतं, आधी हर्षदलाच विचारावं.”

पुढच्या आठवड्यात केतकी ओवीला घेऊन आली. ओवी आता आठवीत होती. वडील तिला फोटोंमधून आणि व्हिडिओंमधून माहीत. पेटीपाशी ती अवघडून उभी राहिली आणि म्हणाली, “पप्पा, मी ओवी. मी कबड्डी खेळते. तुमच्यासारखी उंच झालेय, आई म्हणते.” दुपार कलली तशी स्पीकरमधली टकटक दाट होत गेली. ओवीनं आईचा हात पकडला. “ऐकतायत ते. आई, मला त्यांचा आवाज ऐकायचाय. खरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा प्रश्न विचारायचा ठरला. एकच प्रश्न, सावकाश, पुन्हा पुन्हा. हर्षदच्या पेटीशेजारी उभं राहून केतकी म्हणाली, “हर्षद, तुला पाणी द्यायचं का? उठायचंय का तुला? हो असेल तर तसं मनात आण. नाही असेल तर गप्प राहा.”

मग त्या वाट पाहत बसल्या. खिडकीबाहेर उसाला पाणी सुटलं होतं. ऊन खिडकीतून फरशीवर आलं, पेटीपर्यंत सरकलं. हर्षदचा स्पीकर मुका होता.

पहिला आवाज आला तो दालनाच्या पार टोकाकडून. नसरीननी चमकून मान वळवली. तिथं दुसऱ्याच कुणाची पेटी होती. मग तिच्या बाजूच्या पेटीतून आवाज आला, मग समोरच्या रांगेतून. प्रत्येक पेटीला आता वेगळा स्पीकर बसवला होता. एकेक करत ते सगळे टकटकायला लागले. थोड्या वेळानं तर मोजायची सोय राहिली नाही. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो आवाज सगळीकडून येत होता, आणि दालनात कुणीही हलत नव्हतं. झाकणांखालचे चिंचोक्याच्या रंगाचे चेहरे होते तसेच निश्चल. प्रश्न एकाला विचारला होता. ऐकला सगळ्यांनी होता.

“या अल्ला,” नसरीन पुटपुटल्या. “हे सगळे...”

ओवीनं कानांवर हात ठेवले. केतकी हर्षदच्या पेटीवर वाकली. तिनं स्पीकरला कान लावला. काही नाही. टक् नाही, खरखरसुद्धा नाही.

संध्याकाळपर्यंत काही नाही.

परत जाताना गाडी शिरीष चालवत होते. ओवी मागं झोपली होती. “त्याचं उत्तर आलंय,” ते म्हणाले. “नाही म्हणतोय तो. औषध यायची वाट बघू म्हणतोय. मला तर शहाणपणाचं वाटतं.”

“तो नाही म्हणतोय ते माझ्यामुळे,” केतकी म्हणाली.

“असं कशावरून?”

“तुम्ही होतात ना त्या दिवशी तिथं. मी काय बोलले ते तुम्हीच ऐकलंत. त्यानंही ऐकलं.” ती बाहेर बघत राहिली. “रागावला की तो असाच गप्प बसायचा. दिवस दिवस. त्याला वाटतंय, मला तो नकोय.”

शिरीषनी गाडीचा वेग कमी केला. “आणि... हवाय का?”

केतकीनं मागं वळून झोपलेल्या ओवीकडे पाहिलं. पण सांगलीत शिरेपर्यंत तिचा निर्णय झाला होता. ज्या माणसाला आपण नको आहोत हे ऐकून अंधारात पडून राहावं लागलं, त्याला तसंच ठेवायचं किंवा वाळवून त्याचा कान बंद करायचा, यातलं काहीच तिच्यानं होणार नव्हतं. तिनं पाण्याच्या बाजूनं सही केली. शिरीष त्यानंतर प्रयोगशाळेत कामापुरतेच येऊ लागले, आणि तिनं त्यांना थांबवलं नाही.

वाळवण्यापेक्षा भिजवणं नाजूक निघालं. आधी नुसती दमट हवा, मग वाफ, मग शिरांमधून थेंब थेंब. हर्षदची कातडी आधी सैल झाली, मग भरली. एका सकाळी छाती हलली. त्यानंतर कितीतरी दिवस तो डोळे उघडून छताकडे बघत होता. विचारलेल्या प्रश्नाला अर्ध्या दिवसानं मान हलवायचा. नसरीन म्हणाल्या, सगळेच आधी असे असतात. त्यांची गती हळूहळू आपल्याला येऊन मिळते.

ओवी शाळा बुडवून रोज त्याच्या उशाशी बसायची. पण तो पहिलं वाक्य बोलला तेव्हा खोलीत केतकी होती.

“माझ्या डावीकडे कोण होतं?”

आवाज घोगरा, पण त्याचाच. केतकीला एकदम हुंदका आला. ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. प्रश्नाचा अर्थ तिच्या डोक्यात फार उशिरा शिरला.

“डावीकडे म्हणजे?”

“डावीकडच्या पेटीत.”

इतकी वर्षं ती त्या दालनात जात होती. डावीकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. नसरीननी सांगितलं, अक्कलकोटच्या शैलजा बिराजदार. हर्षदचाच आजार. फुलझाडांची रोपवाटिका होती त्यांची. घरी फक्त भाऊ. त्यानं पुन्हा वाळवायचं ठरवलं, पेटी हवाबंद झालीय. नाही, तडा गेला नाही, नशीब.

“शैलजा,” हर्षद म्हणाला. तो ते नाव पहिल्यांदाच ऐकत होता, पण ओळखीचं असल्यासारखं त्यानं ते दोनदा उच्चारलं.

मग दिवसांमागून दिवस, थोडं थोडं, त्यानं सांगितलं. सुरुवातीला काही नव्हतं. मग टकटक ऐकू यायला लागली आणि त्याला वाटलं, ती आपलीच. पुढं लक्षात आलं की आपण थांबलो तरी ती चालू असते. पेटी पेटीला टेकलेली होती, लाकडातून आवाज जायचा. त्यानं एक दिला, पलीकडून दोन आले.

“काय बोलायचात?” केतकीनं विचारलं.

“शब्द नव्हते. बोलायला लागतातच असं नाही.” तो बराच वेळ शोधत राहिला. “तिथं वेळ वेगळा असतो, केतकी. मी कधी एकटा नव्हतो तिथं. आजारी नव्हतो. तू प्रश्न विचारलास तेव्हा बाकी सगळे हो म्हणाले. आम्ही दोघं गप्प राहिलो. ठरवून.”

केतकीच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती त्याला पेज भरवत होती.

“मी एकदा तिथं काहीतरी बोलले होते,” ती म्हणाली. “तू उठू नयेस, असं. ते ऐकलंस?”

“ऐकलं.”

“म्हणून...?”

“नाही गं.” त्याच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. “मला हायसं वाटलं होतं. वाटलं, चला, तिचं तिला सापडलं. आता माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही.”

तिला त्याच्याकडे बघवेना.

“तू विचारलंस,” तो म्हणाला, “आणि मी उत्तर दिलं होतं.” हे तो एकदाच म्हणाला. आवाजात राग नव्हता. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

दुसऱ्यांदा वाळण्याइतकं त्याचं शरीर उरलं नव्हतं. नसरीननी तपासून तसं स्पष्ट सांगितलं. मग तो घरी राहिला. चांगला राहिला, असं म्हणता येईल. ओवीला कबड्डीतले डाव सांगायचा, तिच्या सामन्याला चाकाच्या खुर्चीतून गेला, तिनं चढाईत गडी मारला तेव्हा ओरडला. तो आवाज ओवीला पुढं आयुष्यभर पुरणार होता. पण कधीकधी बोलता बोलता तो थांबायचा आणि त्याची मान डावीकडे कलायची. घरात कुणी काही बोलत नसेल तेव्हा त्याचं नख खुर्चीच्या हातावर हलकेच वाजायचं, आणि मग तो वाट बघायचा. त्या वेळी केतकी आत स्वयंपाकघरात निघून जायची. तिला मत्सर वाटत होता, आणि कुणाचा ते सांगितलं असतं तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं.

एकदा त्यानं हट्टानं वाळवणघरात न्यायला लावलं. हवाबंद पेटीच्या झाकणावर कान टेकवून तो दुपारभर बसला. निघताना केतकीला म्हणाला, “काही नाही. पूर्ण कोरडी आहे.” गाडीत बसवताना त्यानं तिचा दंड धरला. पकड आता नावालाच होती. “ती उठेल तेव्हा तिला कुणीतरी सांगायला हवं.”

“मी सांगेन,” केतकी म्हणाली.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्याला श्वास पुरेनासा झाला. तो गेला तेव्हा केतकी आणि ओवी, दोघींचे हात त्याच्या हातात होते.

औषध आलं ते ओवी बारावीत असताना. बातमी केतकीनं प्रयोगशाळेतल्या पडद्यावर वाचली. तिथंच भिंतीला टेकून ती उभी राहिली. त्याला वाळलेलाच राहू दिलं असतं तर, हे वाक्य तिच्या मनात पुरं झालं आणि नंतर कधी पुसलं गेलं नाही. शिरीष त्या दिवशी नमुने घेऊन आले होते. त्यांना ते तिच्या तोंडावरून कळलं. ते तिच्याबरोबर तिथंच उभे राहिले.

काही महिन्यांनी नसरीनचा फोन आला. शैलजा बिराजदारांना पाणी दिलंय, औषध सुरू केलंय, डोळे उघडलेत.

केतकी सकाळच्या एसटीनं एकटी गेली. खोली स्वच्छ होती, खिडकी उघडी. पलंगावर साधारण तिच्याच वयाची बाई होती, ओठांवर अजून भेगा, केस नुकते विंचरलेले. डोळे छताकडे.

“नमस्कार,” केतकी म्हणाली. “मी...”

बाईंचे डोळे वळायला लागले. फार हळू. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायथ्यावरून उशीपर्यंत आलं तोवर ते केतकीच्या चेहऱ्यावर येऊन थांबले होते. ओठ हलले.

“केतकी,” त्या म्हणाल्या. “ओळखते. टाकी गळायची तुमची.”

केतकीला आता कळलं. कालवा आल्यापासूनच्या तिच्या प्रत्येक भेटीत दोघं ऐकत होते.

पुन्हा ओठ हलले, यावेळी जरा लवकर. “तो कुठं आहे?”

येताना एसटीत तिनं काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं आता काहीच आठवेना. समोरच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

“तो गेला,” केतकी म्हणाली. “मी उठवलं त्याला. तो नको म्हणत होता, तरी.”

शैलजांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ते शब्द अजून त्यांच्यापर्यंत पोचायचे होते. पोचायला दुपार होणार होती, उत्तर यायला कदाचित संध्याकाळ. दाराशी नसरीन उभ्या होत्या. त्यांनी खुणेनं विचारलं, बाहेर थांबता का?

केतकीनं नकारार्थी मान हलवली. तिनं खुर्ची पलंगाच्या उजव्या बाजूला, हर्षदची पेटी असायची त्या बाजूला ओढून घेतली आणि ती बसली.